कंपनीचा टेप तसाच ठेवून
प्रस्तावना

कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत सूर्यमाळेच्या बाजूला चढणाऱ्या रस्त्यावर गाडीतलं एकच गाणं दोन-तीन वेळा बदलतं. चढणीला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली की ढोलाचा घुमारा नाहीसा होतो. उखडलेल्या पट्ट्यात शब्दांची टोकं जातात आणि दाराच्या आतून कसलीशी खडखड सुरू होते. माळावर येऊन इंजिन संथ झालं की तेच गाणं अंगावर आल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप आवाज कमी करायला जातो. टेप तोच, पेन ड्राइव्हही तोच. मधल्या वेळात बदललं ते इंजिन, टायर, रस्ता आणि दारांचे पत्रे यांचं वागणं. तरी गाडीमालकाचा पहिला राग निघतो तो टेपवर. ‘कंपनीचा टेप आहे, त्याला दमच नाही,’ हे वाक्य जव्हारच्या गॅरेजात आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत सारख्याच खात्रीने बोललं जातं.

या पुस्तकाचं म्हणणं त्याच्या नेमकं उलट आहे. गाडीसोबत आलेला स्टिरिओ जागेवर राहू द्यावा आणि पैसा, वेळ, लक्ष त्याच्या पुढच्या साखळीला द्यावं. आधी दार, मग स्पीकर, मग अॅम्प्लिफायर, आणि त्यानंतरही काही उरलंच तर सिग्नल दुरुस्त करणारा प्रोसेसर. क्रम मुद्दाम असा लावला आहे, कारण दुकानात तो बहुधा शेवटाकडून सुरू होतो आणि दारापर्यंत पोचण्याआधीच खिसा रिकामा होतो.

जव्हार-मोखाड्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून हा विषय मांडण्यामागे कारण आहे. गाडीतल्या आवाजाची बहुतेक पुस्तकं गुळगुळीत महामार्ग, मोठी सेडान आणि बंद काचा गृहीत धरतात. इथे चढउतार आहेत, वळणांमागे वळणं आहेत, चार महिने कोसळणारा पाऊस आहे आणि त्यानंतरची धूळ आहे. गाडी बहुतेकांच्या दारात पोटापाण्यासाठी उभी असते: प्रवासी जीप, बोलेरो, पिकअप. तिच्यावर कर्ज असतं, ती पुढे विकायची असते, तिच्या वायरी कापून चालत नाही. या परिस्थितीत जी पद्धत टिकते ती मुंबई-पुण्याच्या गाडीतही टिकते. उलट्या दिशेने तशी खात्री देता येत नाही.

दुसरं कारण कानांचं. हा मुलूख ऐकण्याच्या बाबतीत दरिद्री नाही. वाळलेल्या भोपळ्याच्या पोकळीत फुंकलेली हवा दोन नळ्यांतल्या जिभल्या थरथरवते, ताडाच्या पानांचा कर्णा तो आवाज बाहेर फेकतो, आणि तारप्याभोवती हातात हात गुंफलेला फेर रात्रभर फिरतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हे वाद्य आयुष्यभर वाजवलं आणि हातांनी घडवलंही. लग्नात धवलेरींची गाणी, बोहाड्याच्या रात्रीचा वाद्यांचा ताल, ढोल-नाच हे सगळं ऐकलेल्या माणसाला खरा आवाज कसा असतो हे शिकवावं लागत नाही. गाडीत त्याला काहीतरी कमी आहे हे पटकन कळतं. ते काय आणि कशामुळे, एवढंच सांगायचं उरतं.

तारपा आणि ढोल ही जोडी त्यासाठी फार उपयोगी पडते. बोलेरोचं डिझेल इंजिन तीन सिलिंडरचं आहे. चार स्ट्रोकच्या अशा इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला २,००० फेरे असतील तर सेकंदाला ५० स्फोट, आणि २,४०० फेऱ्यांना ६०. ढोलाच्या घुमाऱ्याचा पाया याच भागात, ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. इंजिनाची गुरगुर त्याच्या जागेवर बसते आणि कान त्याला वेगळा काढू शकत नाही. टायरांचा आणि रस्त्याचा घोंगावही मुख्यतः खालच्या स्वरांत असतो, त्यामुळे तो भर घालतो. तारप्याच्या जिभलीतून मात्र मूळ स्वराच्या वर ओळीने उपस्वर निघतात, आणि ते कानाला सगळ्यात लख्ख ऐकू येणाऱ्या २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. म्हणून चढणीला ढोल बुडतो पण तारपा तरतो. हे एकदा समजलं की ‘बेस वाढवा’ या मागणीचा अर्थही कळतो. गाडी उभी असताना बेस पुरेसा असतो. चालत्या गाडीत तो झाकला जातो, आणि बटण फिरवून वाढवायला गेलं की दाराचा पत्राच आधी थरथरतो.

मोटारीत आवाज आणण्याच्या धडपडीला शंभर वर्षं होत आली. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. जर्मनीत ब्लाऊपुंक्टने १९३२ मध्ये आपला रेडिओ आणला. व्हॉल्व्हच्या त्या यंत्रांना गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागे. त्यासाठी आधी वेगळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागल्या, मग व्हायब्रेटर नावाचा कंप पावणारा स्विच आला. १९५५ मध्ये फिल्कोने क्रायस्लरसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला आणि गाडीतलं यंत्र लहान, थंड, टिकाऊ झालं. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली, पाच वर्षांनी ती मोटारीत शिरली, आणि १९८४ मध्ये पायोनियरने गाडीसाठी सीडी प्लेअर काढला. या पायऱ्या झरझर सांगतो आहे, कारण आपल्या विषयाचं मूळ यंत्रांपेक्षा एका मापात आहे.

ते माप म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाचा. जर्मन मानकातून आलेला हा आकार जगभर डिन या नावाने रूढ झाला, आणि दुप्पट उंचीचा तो डबल डिन. खाचा ठरलेला असल्यामुळे कोणत्याही कंपनीचा स्टिरिओ कोणत्याही गाडीत बसू लागला. आपल्याकडे याचा परिणाम फार मोठा झाला. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात गाडीतला रेडिओ ही चैन होती आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगायला परवाना लागत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ती घ्यायची आणि टेप बाहेरून बसवून घ्यायचा, हा मध्यमवर्गाचा रिवाज झाला. लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस, पुण्याची नाना पेठ इथल्या दुकानांनी या रिवाजावर दोन पिढ्या जगवल्या. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या नि भीमगीतांच्या कॅसेट टॅक्सीत, ट्रकमध्ये, प्रवासी जीपमध्ये वाजल्या त्या याच बाहेरून बसवलेल्या टेपांवर. त्या काळात ‘कंपनीचा काढा, चांगला बसवा’ हा सल्ला बरोबरच होता. काढायला कंपनीचं फारसं काही नव्हतंच.

तो सल्ला आज चुकीचा ठरतो, कारण खाचाच गेला. १९८६ मध्ये बॉशने कॅन बस जगासमोर मांडली. गाडीतल्या वेगवेगळ्या यंत्रांनी दोन वायरींवरून एकमेकांशी बोलायची ही व्यवस्था. सुरुवातीला ती इंजिन आणि ब्रेक यांच्यापुरती होती, हळूहळू डॅशबोर्डही तिच्यात ओढला गेला. आज नव्या गाडीच्या मधोमध जो पडदा दिसतो तो गाणी वाजवतो हे त्याचं एक काम. मागचा कॅमेरा त्याच्यावर दिसतो, पार्किंग सेन्सरची टीटी त्यातून निघते, स्टिअरिंगवरची बटणं त्याला हुकूम देतात, काही गाड्यांत एसी आणि दिव्यांच्या सेटिंग्जही तिथेच असतात. हे युनिट काढलं की गाडीच्या इतर अवयवांशी असलेला संवाद तुटतो. तो पुन्हा जोडणारे अॅडॅप्टर मिळतात, पण सगळ्या गाड्यांसाठी मिळत नाहीत आणि मिळाले तरी काहीतरी हरवतंच. शिवाय वायर कापली की त्या भागाच्या वॉरंटीवर वाद उभा राहतो.

कंपन्यांनीही या काळात स्टिरिओकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. त्या विचाराची मुळं अमर बोस यांच्या कामात आहेत. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारक वडिलांचा हा मुलगा एमआयटीत शिकवत होता. मोटारीची केबिन ही आधीच माहीत असलेली खोली आहे, ऐकणारा कुठे बसणार तेही ठरलेलं आहे, मग स्पीकर त्या एकाच केबिनसाठी का घडवू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. जनरल मोटर्सच्या १९८३ सालच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत त्यांचं उत्तर बसलं. तोच धागा पुढे आपल्याकडे आला. टाटांनी २०१४ च्या झेस्टपासून हरमनबरोबर काम केलं, आणि हरमनचा कारखाना चाकणलाच आहे. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा स्पीकर आले. अशा गाड्यांमध्ये हात घालायचा असेल तर आधी आपण काय बिघडवणार आहोत याचा अभ्यास लागतो.

म्हणून या क्षेत्रात आज ढोबळमानाने तीन विचार नांदतात. पहिला जुना, सगळं काढून नवं बसवणाऱ्यांचा. जुन्या, डिन खाच्याच्या गाड्यांत तो अजूनही योग्य आहे. दुसरा बोस यांच्या परंपरेतला: केबिन ओळखून कारखान्यातच सगळं करा, मालकाने हात लावू नये. महागड्या प्रकारांत तो शोभतो. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चार साधे स्पीकर आणि एक पडदा एवढंच मिळतं, आणि त्यांच्या मालकांना तो विचार काहीच देत नाही. तिसरा विचार हा या पुस्तकाचा विषय. कंपनीचं युनिट स्रोत म्हणून ठेवायचं, त्यातून बाहेर पडणारा सिग्नल घ्यायचा आणि पुढचं सगळं आपण उभं करायचं. या तिन्हींना छेद देणारी आणखी एक रेघ आहे. काहींना शुद्ध आवाज हवा असतो, काहींना मोठा. अमेरिकेत १९८० च्या दशकात दोन्हींच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि तिथून ही विभागणी जगभर गेली. आपल्याकडे मोठ्या आवाजाचं टोक म्हणजे वरातीपुढे चालणारा, स्पीकरच्या भिंती लादलेला पिकअप. त्यामागचं तंत्र मेहनतीचं आहे, पण ते या पुस्तकात नाही. मी शुद्ध आवाजाच्या बाजूचा आहे आणि पुस्तकभर त्याच बाजूने बोललो आहे.

आता दाराविषयी थोडं सविस्तर. या विषयात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच आहे.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढच्या हवेवर दाब येतो आणि मागच्या हवेत विरळपणा येतो. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट असतात. त्या भेटल्या की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती हे थांबवण्यासाठी. गाडीच्या दारात पेटी नसते. असतो तो भोकं पडलेला पातळ पत्रा, आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद. मागची लाट त्या भोकांतून सरळ पुढे येते. महागडा स्पीकर अशा दारात बसवला तरी ढोल घुमत नाही, आणि मालक समजतो की आता अॅम्प हवा. भोकं बंद करणं, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराची, अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट चिकटवणं, स्पीकरखाली घट्ट कडं देणं आणि स्पीकरच्या तोंडापासून दाराच्या जाळीपर्यंत फोमची कड लावणं, एवढ्या चार कामांनी कंपनीचाच स्पीकर ओळखू येईनासा सुधारतो. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. मधल्या मोकळ्या, टिचकी मारल्यावर टणत्कार करणाऱ्या भागावर शीट बसली की काम होतं.

पण जव्हार-मोखाड्यात दार उघडताना पाऊस विसरून चालत नाही. काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशी रचना कारखान्याने केलेली असते. उत्साहात ती खालची भोकंही बंद केली तर दोन पावसाळ्यांत दार आतून गंजतं. आतल्या प्लास्टिकच्या कागदाचं कामही पाणी केबिनमध्ये येऊ न देण्याचं आहे. तो फाडून टाकायचा असेल तर त्याची जागा शीटने नीट भरून काढावी लागते. एमडीएफचं कडं ओलाव्याने फुगतं, म्हणून प्लास्टिकचं किंवा चांगलं सील केलेलं वॉटरप्रूफ प्लायचं कडं घ्यावं. कागदी पडद्याचा स्पीकर आवाजाला गोड असतो, पण या हवेत पॉलिप्रॉपिलिनचा पडदा जास्त टिकतो. परदेशी पुस्तकांत या गोष्टी एखाद्या ओळीत उरकलेल्या असतात. इथे त्यांना पूर्ण प्रकरण द्यावं लागलं.

दारानंतर स्पीकर. इथे वॅटचा घोळ सोडवावा लागतो. कंपनीच्या युनिटवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४ असतं. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला, कसलाही तोटा न धरता, स्वच्छ ध्वनीचे फार तर २६ वॅट मिळू शकतात, आणि प्रत्यक्षात १८ ते २० मिळतात. हा आकडा ऐकून निराश व्हायचं कारण नाही. आवाज दुप्पट जाणवायला वॅट दुप्पट करून भागत नाही, ते सुमारे दहापट लागतात. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबलच वाढतात. तेवढेच ३ डेसिबल स्पीकर निवडतानाही मिळतात. ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला की तोच टेप दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. अॅम्प न लावता थांबायचं असेल त्याने डब्यावरच्या वॅटच्या आकड्याकडे पाहू नये, संवेदनशीलता पाहावी. आणि विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरची खोली मोजावी. काच स्पीकरच्या चुंबकाला घासल्याचं काम झाल्यावर लक्षात येणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात आहे.

अॅम्प लावायचाच असेल तर कंपनीच्या युनिटमधून सिग्नल काढायचा प्रश्न येतो. मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना नसतात. स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीतूनच सिग्नल घ्यावा लागतो. आजचे बरेच अॅम्प तो सरळ घेतात, बाकीच्यांसाठी मधे कन्व्हर्टर लागतो. कापाकापी टाळण्यासाठी गाडीच्याच कपलरचा जोड मिळतो. तो युनिट आणि मूळ वायरिंग यांच्यामध्ये खोचला की काम होतं, आणि गाडी विकताना पाच मिनिटांत काढता येतो. एक इशारा इथेच देतो. या युनिटांत स्पीकरची वजा वायर म्हणजे अर्थ नसते. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज असतं. जुन्या सवयीने वजा वायर बॉडीला जोडली की युनिटचा आतला आयसी जळण्याची वेळ येते. हेच निम्मं व्होल्टेज ओळखून काही अॅम्प आपोआप चालू होतात. त्यामुळे वेगळी रिमोट वायर शोधत डॅशबोर्ड उघडावा लागत नाही.

प्रोसेसर हा शेवटचा आणि सगळ्यात नवा टप्पा. अनेक युनिटं आवाज वाढवू तसा बेस गुपचूप कापतात, कारण छोटे स्पीकर फाटू नयेत. काही युनिटं ट्विटरचा आणि दारातल्या स्पीकरचा सिग्नल वेगळा पाठवतात. तसाच सिग्नल पुढे अॅम्पला दिला तर अॅम्प त्या दोषांनाच मोठं करतो. प्रोसेसर ते मोजून सरळ करतो, तुकडे जोडतो आणि वेळही जुळवतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्यापासून ९० सेंटिमीटरवर आणि डाव्या दाराचा १४० वर असेल, तर डावा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. उजवा स्पीकर तेवढाच थांबवला की गायक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहतो. हा अनुभव विलक्षण असतो, आणि तरीही प्रवासी जीपमध्ये मी तो करू देणार नाही. चालकासाठी वेळ जुळवली की मागे बसलेल्या सगळ्यांसाठी ती बिघडते. सगळे मिळून ऐकणार असतील तिथे चार दारं नीट करणं हेच खरं.

या विषयाची निकड आत्ता का वाढली आहे, त्याची दोन कारणं वर येऊन गेली: पडद्यात गुंतलेली गाडी आणि कर्जावरची गाडी. तिसरं कारण विजेच्या गाड्यांचं. इंजिनाची गुरगुर गेली की आजवर तिच्याआड लपलेली प्रत्येक क्लिपची खडखड उघडी पडते. त्या गाड्यांतही स्टिरिओ १२ व्होल्टवरच चालतो, पण नारिंगी आवरणाच्या वायरींत जीवघेणं व्होल्टेज असतं आणि त्यांच्या आसपास हौशी माणसाने जाऊच नये. चौथं कारण ऐकण्याच्या साधनांचं. खोडाळ्याच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, मग इंटरनेटवरचं गाणं अडखळतं. दऱ्यांत उतरलं की एफएमही क्षीण होतं, कारण त्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांना अडवतो. पेन ड्राइव्हच भरवशाचा उरतो. त्यावर दुकानातून भरून घेतलेली, चुरगळून लहान केलेली फाइल असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांची गाणी, गावातला तारपा आता लोक फोनवर ध्वनिमुद्रित करतात आणि गाडीत ऐकतात. ते नीट ऐकू यावं, ही या पुस्तकामागची माझी सगळ्यात मोठी इच्छा आहे.

मोठ्या आवाजाबद्दल एक प्रकरण स्वतंत्र आहे आणि ते गाळू नये अशी विनंती आहे. या रस्त्यांवर आंधळ्या वळणापलीकडून येणाऱ्या एसटीचा हॉर्न हीच एक सूचना असते. ती ऐकू येईल इतकाच आवाज योग्य. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. दिवसभर जीप चालवणाऱ्याच्या कानांवर इंजिन आणि रस्ता यांचा भार आधीच असतो. दार मढवण्याचा फायदा इथे दुसऱ्यांदा मिळतो. बाहेरचा गोंगाट थोडा जरी आत कमी आला तरी गाणं तेवढं खालच्या आवाजात ऐकता येतं. गाडीबाहेर जाणाऱ्या आवाजासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. पावसाळ्यात धबधबे पाहायला येणाऱ्यांनी हे दोन आकडे गाडीत बसण्याआधी वाचावेत, कारण माळावरच्या शांततेत दारं उघडून लावलेलं गाणं पलीकडच्या पाड्यापर्यंत जातं.

पुस्तक दोन वाचकांसाठी लिहिलं आहे. एक गाडीचा मालक, ज्याला स्वतः काम करायचं नसेल पण दुकानात काय विचारायचं हे कळायला हवं. दुसरा तालुक्याच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्याचा हात तयार आहे आणि ज्याच्यापर्यंत मराठीत ही माहिती पोचलेली नाही. त्याच्यासाठी आकृत्या मोठ्या ठेवल्या आहेत आणि वायरींचे रंग सांगताना मल्टिमीटरने खात्री करायची पद्धत प्रत्येक वेळी दिली आहे, कारण रंग मॉडेलगणिक बदलतात. ब्रँडची शिफारस केलेली नाही. बाजार दरवर्षी बदलतो, निवडीचे निकष बदलत नाहीत. सबवूफरचं प्रकरण मुद्दाम लहान आहे. बेसट्यूबची हौस मला ठाऊक आहे, पण दार आणि स्पीकर झाल्यावर निम्म्या लोकांना तिची गरज वाटत नाही असं माझं निरीक्षण आहे. ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सीटखाली मावणाऱ्या बंद पेटीचं माप आणि करण्याची रीत दिली आहे. सामान आणि माणसं यांची जागा तिने खाऊ नये.

वाचण्याचा क्रम सोडून थेट अॅम्पच्या प्रकरणाकडे जाणाऱ्यांनीही वायरिंगचं प्रकरण आधी वाचावं. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा ग्रोमेट हवा. अर्थिंग रंग खरवडून उघड्या धातूवर हवं, नाहीतर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी कुई गाण्यात शिरते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, ती घेतली तर एक माप जाड घ्यावी. आणि कपलरला हात लावण्याआधी गाडी बंद करून बॅटरीची वजा वायर सोडवावी, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझेपर्यंत थांबावं, मगच पहिला स्क्रू काढावा.